प्रेरणा आणि अनुकरण : अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्या निसर्गछायाचित्रांविषयी एक संवाद

प्रेरणा कोठे संपते आणि अनुकरण कोठे सुरू होते, हा प्रश्न सर्वच कलांत अवघड असला तरी निसर्गदृश्यांच्या छायाचित्रणात तो अधिक बिकट होतो. कारण ज्या डोंगराचे चित्र गाजले तो डोंगर जागच्या जागी उभा असतो आणि कोणालाही तेथे जाऊन, त्याच ऋतूत व त्याच कोनातून, तेच दृश्य पुन्हा टिपता येते. अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स (१९०२–१९८४) यांनी कॅलिफोर्नियातील योसेमिटी दरीची जी कृष्णधवल चित्रे काढली, त्यांच्या संदर्भात हा पेच पुढे मांडला आहे. शास्त्रचर्चेच्या परिपाठाप्रमाणे पूर्वपक्षी शंका उपस्थित करतो आणि सिद्धान्ती तिचा निर्णय करतो.

पूर्वपक्षी : अ‍ॅडम्स यांच्यापासून प्रेरणा घेणाऱ्यापुढे इकडे आड, तिकडे विहीर अशी अवस्था आहे. त्यांच्यासारखे चित्र काढावे तर ती नक्कल ठरते आणि सर्वस्वी वेगळे काढावे तर त्यामागे प्रेरणा त्यांचीच होती, याला पुरावा उरत नाही.

सिद्धान्ती : प्रेरणेची खूण तयार चित्रातच दिसली पाहिजे, असे गृहीत धरल्यामुळे हा पेच पडतो. खुद्द अ‍ॅडम्स पियानोवादक होण्याच्या तयारीत होते. १९३० साली न्यू मेक्सिकोतील टाओस येथे छायाचित्रकार पॉल स्ट्रँड यांच्या निगेटिव्ह, म्हणजे ज्यांवरून छायाचित्र छापले जाते त्या उलट छटांच्या मूळ प्रती, पाहिल्यावर त्यांनी छायाचित्रणालाच वाहून घेण्याचे ठरवले. तरीही त्यांची पुढील चित्रे स्ट्रँड यांची वाटत नाहीत. योसेमिटीही त्यांच्यासाठी कोरी भूमी नव्हती. कार्लटन वॉटकिन्स यांनी १८६१ मध्येच मोठ्या काचपट्ट्यांवर ती दरी टिपली होती आणि ती दरी राखून ठेवणाऱ्या १८६४ च्या कायद्याला अनुकूल मत तयार होण्यात त्या चित्रांचा वाटा होता.

पूर्वपक्षी : मग अ‍ॅडम्स यांच्यापासून प्रेरणा घेणारा नेमके काय घेतो? ‘दृष्टी’ असे मोघम उत्तर दिल्याने प्रश्न सुटत नाही.

सिद्धान्ती : तो त्यांची निर्णय करण्याची रीत घेतो, असे म्हणणे अधिक नेमके होईल. एप्रिल १९२७ मध्ये हाफ डोम या ग्रॅनाइटच्या कड्यासमोर अ‍ॅडम्स यांनी आधी पिवळा फिल्टर लावून एक चित्र घेतले; परंतु त्यात आकाश फिके येईल आणि कड्याची जाणवलेली भव्यता उतरणार नाही, हे ध्यानात येताच त्यांनी निळा प्रकाश अडवणारा लाल फिल्टर लावला व आकाश जवळजवळ काळे केले. छापील चित्र कसे दिसावे, हे कळ दाबण्यापूर्वीच मनात निश्चित करण्याच्या या क्रियेला पूर्वदर्शन म्हणता येईल. पुढे १९४० च्या सुमारास फ्रेड आर्चर यांच्यासह त्यांनी झोन सिस्टिम सिद्ध केली. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या ठरावीक पायऱ्या कल्पून दृश्याचा कोणता भाग कोणत्या पायरीवर बसवायचा, हे ठरवण्याची ती पद्धत होय. अशी रीत शिकता येते, शिकवता येते आणि कोणत्याही भूमीवर वापरता येते.

पूर्वपक्षी : परंतु रीत निर्दोष असते असे नाही. १८५१ मध्ये सशस्त्र तुकडीने याच दरीतून अवानीची या मूळ रहिवाशांना हुसकावले होते. अ‍ॅडम्स यांच्या तेथील गाजलेल्या चित्रांत मात्र दरी जणू आरंभापासून निर्मनुष्य भासते. रीत स्वीकारणाऱ्याकडे ही उणीवही वारशाने येणार नाही काय?

सिद्धान्ती : आक्षेप रास्त आहे आणि रीत डोळे मिटून स्वीकारली तर ती उणीव येणारच. मात्र अ‍ॅडम्स यांनी स्वतःचे निर्णयही अंतिम मानले नाहीत. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ येथे टिपलेल्या चंद्रोदयाच्या चित्रात वस्ती, प्रार्थनामंदिर आणि थडग्यांवरचे क्रूस आहेत. त्या एकाच निगेटिव्हवरून त्यांनी पुढे अनेक वर्षे प्रती काढल्या आणि सुरुवातीच्या प्रतींत ढगांसह उजळ असलेले आकाश नंतरच्या प्रतींत गडद होत गेले. निगेटिव्ह ही संगीताची लिखित संहिता आणि प्रिंट हा तिचा प्रयोग, असे ते मानत. ज्यांनी स्वतःचीच नक्कल केली नाही, त्यांची नक्कल करणे म्हणजे त्यांच्या रीतीशी प्रतारणा होय. म्हणून चौकटीत काय ठेवले याबरोबरच काय वगळले, हे तपासणे हाही त्या प्रेरणेचाच भाग ठरतो.

यावरून निर्णय असा की, चित्रातील प्रत्येक निवडीचे कारण ज्याला स्वतःच्या विचाराने देता येते, तो हाफ डोमसमोर उभा राहिला तरी अनुकरण करत नाही. आणि ज्याला ते देता येत नाही, तो जगाच्या दुसऱ्या टोकाला गेला तरी अनुकरणच करतो.