आपले काम कोणते, हे कसे कळते?

बलुतेदारीच्या गावात सुताराच्या मुलाला ‘तुला काय व्हायचे आहे?’ असे कोणी विचारत नसे. उत्तर जन्मानेच दिलेले असे. आपल्याला काय जमते, मन कशात रमते, हे ओळखून उपजीविका निवडावी, या विचाराची पद्धतशीर मांडणी होऊन शंभर-सव्वाशे वर्षेच झाली आहेत. एवढ्या काळात त्याने बरीच वळणे घेतली. माझ्या मते शेवटच्या वळणावर तो थोडा भरकटला.

बोस्टनमध्ये 1908 साली फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय-मार्गदर्शनाचे केंद्र सुरू केले. ते स्वतः अभियांत्रिकी शिकले होते, पुढे त्यांनी शिक्षकी केली, वकिलीही केली. कारखान्यांच्या शहरात मिळेल त्या कामाला जुंपली जाणारी तरुण मुले त्यांनी पाहिली होती. त्यांचे म्हणणे सरळ होते : आधी स्वतःला ओळखा, मग निरनिराळी कामे माणसाकडून काय मागतात ते समजून घ्या, आणि दोहोंचा मेळ विचारपूर्वक घाला. त्याच वर्षी ते वारले. हा विचार मांडणारे त्यांचे पुस्तक 1909 मध्ये, त्यांच्या पश्चात आले. पार्सन्स यांचा भर मुलाखतीवर आणि लांबलचक प्रश्नावलीवर होता. नीट विचारले तर माणूस स्वतःबद्दल नीट सांगेल, हा त्यामागचा विश्वास.

या विश्वासाला सर्वांत चांगले उत्तर आपल्याकडेच सापडते. 1885 मध्ये, पुढे उद्योजक झालेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला आले. त्या दिवशी कोणी त्यांच्यापुढे प्रश्नावली ठेवली असती, तर त्यांनी आनंदाने ‘चित्रकार’ असे लिहिले असते. पुढे कळले, की काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना ओळखूच येत नाही. रंग सुटले, पण रेषा सुटली नाही. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून बेळगावला आले. आधी सायकली, मग कडबा कापायची यंत्रे, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते असे शेतकऱ्यांना वाटे, त्यामुळे नांगर पडून राहिले. तरी ते थांबले नाहीत. 1910 मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर त्यांचा कारखाना आणि त्याभोवतीची किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. आपली खरी ताकद यंत्रात आहे, हे त्यांना काम करता करता कळले. प्रत्येक अडचणीने थोडे थोडे दाखवले. त्यांची दुसऱ्यांना पाहण्याची नजरही तशीच होती. शाळा अर्धवट सोडलेल्या अनंतराव फळणीकरांमधला कल्पक अभियंता त्यांनी ओळखला, हिशेब मंगेशराव रेग्यांच्या हाती दिला. शिक्षा भोगून आलेल्यांना तर त्यांनी रात्रीचे पहारेकरी नेमले.

मात्र ताकद असून आणि ती ठाऊक असूनही भागत नाही. कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांचे गुरू असलेले तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी 1916 मध्ये मांडले होते, की आपण कशासाठी योग्य आहोत हे शोधणे आणि ते करण्याची संधी मिळवणे, या दोहोंत माणसाचे सुख आहे. यातला संधीचा भाग बाबासाहेबांनी स्वतः सोसला होता. परदेशात अर्थशास्त्र शिकून आल्यावर त्यांनी मुंबईत गुंतवणूक-सल्ल्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरले आणि व्यवसाय बंद पडला. 1936 च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी जातीवर जो आर्थिक आक्षेप घेतला तो हाच : जातीची विभागणी माणसाचा कल आणि कुवत विचारातच घेत नाही, आणि स्वतःचे काम स्वतः निवडण्याइतका तो समर्थ व्हावा यालाच तिचा विरोध आहे. करिअरवर बोलणाऱ्यांनी हे पुस्तक आवर्जून वाचावे असे मला वाटते. करिअरच्या चर्चेत ते सहसा कोणी आणत नाही.

व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांचा 1999 चा स्वव्यवस्थापनावरचा लेख मला या विचाराचे सर्वांत परिपक्व रूप वाटतो. आपण कशात चांगले आहोत हे आपल्याला माहीत असते, हा समज बहुधा खोटा असतो, असे ते सांगतात. त्यांचा उपाय मोठा निर्णय घेताना त्यातून काय घडेल ते लिहून ठेवण्याचा. नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्ष काय घडले ते त्याच्याशी ताडून पाहायचे. दोन-तीन वर्षांत बलस्थाने दिसू लागतात. आणि ताकदीच्याही वर त्यांनी मूल्ये ठेवली. 1930 च्या दशकात लंडनच्या बँकेत त्यांचे उत्तम चालले होते. पण आपल्याला पैशापेक्षा माणसांत रस आहे हे उमगल्यावर, ऐन मंदीत, दुसरी नोकरी हाताशी नसताना त्यांनी ती सोडली.

योगायोग असा, की त्याच 1999 मध्ये क्रूगर आणि डनिंग या मानसशास्त्रज्ञांचा निबंध आला. चाचणीत शंभरांच्या रांगेत खालून सरासरी बाराव्या जागी असलेल्यांनी स्वतःला बासष्टावे मानले होते. स्वतःबद्दलचा अंदाज असा फसतो हे दिसूनही पुढच्या काळात चलती झाली ती प्रश्नावल्यांचीच. गॅलप या सर्वेक्षण कंपनीच्या डोनाल्ड क्लिफ्टन यांनी 34 बलस्थानांची यादी दिली; तासाभरात आपली पाच मिळतात. सुरुवात म्हणून ते ठीक आहे. पण ‘हिशेब हा माझा प्रांत नाही’ म्हणत ताळेबंदाकडे पाठ फिरवणारे उद्योजक बलस्थानांच्या या भाषेच्या आडोशाला बसतात, हे मला धोक्याचे वाटते. रेग्यांना हिशेब सोपवणे वेगळे आणि हिशेब न वाचणे वेगळे.

म्हणून नव्याने धंद्यात उतरणाऱ्यांनी चाचणी जरूर द्यावी, पण एक वहीही करावी. पुढचा मोठा निर्णय तारखेसह तीत लिहावा, वर्षाने उघडावा, आणि सोबत काम करणाऱ्या दोघा-तिघांना ती वाचायला द्यावी. आणि ज्यांच्या हाती नेमणुका आहेत त्यांनी उमेदवाराचे आडनाव आणि टक्केवारी पाहण्याआधी, त्याला एकदा प्रत्यक्ष काम करू द्यावे.