‘सूचनेची नोंद घेतली’

वसईतल्या एखाद्या मोठ्या धर्मग्रामाच्या कारभाराकडे पाहिलं, तर एवढी माणसं फुकट राबतात तरी कशी, याचंच आधी नवल वाटतं. पॅरिश कौन्सिल, फायनान्स कमिटी, लहान ख्रिस्ती समूहांचे प्रमुख, रविवारी धर्मशिक्षण देणाऱ्या बाया, गायकवृंद, वाचक, वेदीसेवक, आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद नेणारे प्रापंचिक, संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, युवकांचा गट आणि सणाच्या तोंडावर उभी राहणारी मंडप-रोषणाई-बँडची कमिटी. यांतल्या बहुतेकांना त्याचा एक रुपयाही मिळत नाही. कौन्सिलची सभा रात्री जेवणाआधी भरते. पावसाळ्याआधी छपराचं काय करायचं, दफनभूमीत जागा उरली नाही त्याचं काय, सणाचा खर्च यंदा तरी आवरायचा का, यावर दोन तास बोलणं होतं. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचलं जातं तेव्हा त्या दोन तासांचं एक वाक्य झालेलं असतं: सदस्यांच्या सूचनेची नोंद घेतली. छपराचं काम मधल्या काळात कुणाला तरी देऊन झालेलं असतं. कोणाला आणि का, हे विचारणं बरं दिसत नाही म्हणून कुणी विचारत नाही. या वाक्यात कारभाराच्या ढिलाईपेक्षा मोठा प्रश्न दडला आहे. ज्याच्या हाती निर्णय नाही त्याच्या सल्ल्याला ख्रिस्तसभेत किंमत काय? माझं म्हणणं असं, की सल्ला देणाऱ्याच्या हाती निर्णय नसणं हा दोष नव्हे. निर्णय घेणाऱ्याने कारण न सांगणं हा दोष आहे, आणि तो व्यवस्थापनाचा नसून श्रद्धेच्या समजुतीचा आहे.

आधी कायदा पाहू. 1983च्या कॅनन कायद्याचं कलम 536 सांगतं की बिशपांनी आपल्या धर्मगुरूंच्या मंडळाचं मत घेऊन योग्य मानलं, तर प्रत्येक धर्मग्रामात पाळकीय कौन्सिल असावं आणि त्याचं मत केवळ सल्ल्यापुरतं असावं. पुढचं कलम 537 मात्र फायनान्स कमिटी सक्तीची करतं. म्हणजे पैशाबाबत चार जाणकारांना विचारल्याशिवाय चालणार नाही, पण लोकांच्या श्रद्धेची, मुलांच्या धर्मशिक्षणाची, म्हाताऱ्यांच्या एकटेपणाची चर्चा करणारं मंडळ बिशपांच्या इच्छेवर! कायदा करणाऱ्यांना व्यवहार कळत होता, यात शंका नाही. कलम 532 प्रमाणे कायदेशीर व्यवहारांत धर्मग्रामाच्या वतीने उभे राहतात ते प्रमुख धर्मगुरूच. तेव्हा जबाबदारी एकाची, सही एकाची आणि सल्ला अनेकांचा, अशी ही रचना आहे. ती मुळातूनच चुकीची आहे असं मला वाटत नाही. पण तिच्यात एक फट आहे. सल्ल्याचं पुढे काय झालं हे सल्ला देणाऱ्याला कळवण्याची सक्ती धर्मग्रामाच्या पातळीवर कुठे स्पष्ट लिहिलेली नाही, आणि जे लिहिलेलं नाही ते आपल्याकडे होत नाही.

वसईत ही फट अधिकच डोळ्यांवर येते, कारण इथला कॅथलिक समाज सहकारात मुरलेला आहे. 1918 साली मोनसिनियर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने इथे पतपेढी निघाली आणि तिचीच पुढे बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. एका धर्मगुरूने सुरू केलेल्या या संस्थेत सभासदाला वार्षिक सभेत उभं राहून ताळेबंदावर प्रश्न विचारता येतो. मोठ्या भागधारकालाही एकच मत आणि छोट्यालाही एकच. शनिवारी सहकारी संस्थेच्या सभेत लेखापरीक्षकाच्या शेऱ्यावर बोट ठेवणारा माणूस रविवारी पॅरिश कौन्सिलमध्ये मान डोलावतो. एकाच माणसाचे हे दोन स्वभाव भीतीतून आलेले नाहीत. चर्चमध्ये प्रश्न विचारणं म्हणजे फादरांवर अविश्वास दाखवणं, असं त्याला लहानपणापासून वाटत आलं आहे. हिशेब मागणं आणि अविश्वास दाखवणं या दोन गोष्टी बँकेत त्याने केव्हाच वेगळ्या केल्या आहेत. धर्मग्रामात त्या अजून एकच आहेत.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ख्रिस्तसभा ही लोकशाही नाही, सत्य मतदानाने ठरत नाही. खरं आहे. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावर हात वर करून ठराव होत नाही. पण दफनभूमीच्या भिंतीचं कंत्राट हे श्रद्धेचं सूत्र नव्हे, आणि एकाचं संरक्षण दुसऱ्याला देणं ही चलाखी आहे. शिवाय परंपरेने सल्ल्याला मानलं आहे ते मतदानाचा भाऊ म्हणून नव्हे. संत थॉमस अक्वायनस विवेकाचं काम तीन पायऱ्यांत मांडतो: आधी सल्लामसलत, मग निवाडा, मग आज्ञा. पहिली पायरी गाळून थेट आज्ञेवर उडी मारणारा माणूस त्याच्या हिशेबी धाडसी ठरत नाही, तो उतावळा ठरतो. व्यवहाराच्या गोष्टींत कोणीही माणूस स्वतःपुरता पुरेसा नसतो, म्हणून शिकून घेण्याची तयारी हा विवेकाचाच भाग, असंही तो म्हणतो. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत मठातलं महत्त्वाचं काम निघालं की मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावं असं आहे. लहानांनाही बोलवायचं, कारण देव पुष्कळदा धाकट्यालाच अधिक चांगलं सुचवतो. निर्णय शेवटी मठाधिपतीचाच. मठाधिपतीची आज्ञा देववाणीसारखी मानणारा हा माणूस सर्वांत धाकट्याचं ऐकायला सांगतो, कारण सल्ला ही त्याच्या लेखी सौजन्याची बाब नाही, देवाचं म्हणणं ऐकण्याची वाट आहे. इंग्लिश धर्मपंडित जॉन हेन्री न्यूमनने 1859 साली सिद्धान्ताच्या बाबतीतही सामान्य भाविकांचा कौल घ्यावा असं लिहिलं, तेव्हा त्याचा दाखला चौथ्या शतकातला होता. ख्रिस्ताचं पूर्ण देवत्व नाकारणाऱ्या आरियसच्या पाखंडाच्या काळात अनेक बिशप डगमगले आणि साध्या लोकांनी श्रद्धा राखली. या लेखामुळे रोममध्ये त्याच्याकडे बरीच वर्षं संशयाने पाहिलं गेलं. पुढे तो कार्डिनल झाला आणि संतही.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाकडे तर कमिट्यांच्या दृष्टीने कोणी नीट पाहतच नाही. यरुशलेममधली पहिली मंडळी, रोजचं अन्नवाटप, आणि त्यात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर. बारा प्रेषित ही कुरकुर दाबत नाहीत, ती करणाऱ्यांना अश्रद्धही म्हणत नाहीत. ते सगळ्या शिष्यांना बोलावतात, स्वतःची अडचण उघड मांडतात (प्रार्थना आणि वचनाची सेवा सोडून पंगतीची व्यवस्था पाहणं बरं नाही) आणि सात माणसं निवडायला सांगतात. निवड लोकांची, हात ठेवणं प्रेषितांचं. त्या सातांची नावं पाहा: स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक. तक्रार ज्यांची होती त्यांच्याच गटातल्या वाटाव्यात अशा माणसांच्या हाती वाटपाची किल्ली गेली. यात प्रेषितांचा अधिकार तसूभरही कमी झालेला नाही. मात्र अधिकार आणि कारण दोन्ही एकाच सभेत, सगळ्यांसमोर आलेली आहेत. आजच्या कौन्सिलला नेमकं यातलं दुसरं मिळत नाही.

मग निर्णयाचा हक्कच लोकांना देऊन मोकळं का होऊ नये? इथे मला थांबावंसं वाटतं, कारण इतिहास दोन्हीकडून बोलतो. केरळच्या सिरो-मलबार धर्मग्रामांत घरटी प्रतिनिधींचं पळ्ळियोगम आणि लोकांनी निवडलेले विश्वस्त, म्हणजे कैक्कारन, ही जुनी परंपरा आहे. चर्चच्या मालमत्तेच्या कारभारात त्यांचा आवाज पुष्कळ मोठा आहे, आणि तरी ते चर्च कॅथलिकच आहे. उलट फिलाडेल्फियाच्या सेंट मेरी चर्चमध्ये 1820च्या दशकात निवडून आलेले विश्वस्त आपल्याला हवा तो धर्मगुरू ठेवण्यासाठी बिशपांशी भांडले आणि निवडणुकीत हाणामारीपर्यंत मजल गेली. गोव्याचं उदाहरण तर फार लांबचं नाही. तिथल्या कॉन्फ्रारियांमध्ये, म्हणजे भाविकांच्या बंधुसंघांमध्ये, कारभार प्रापंचिकांच्या हाती होता, पण कित्येक गावांत ते प्रापंचिक म्हणजे गावकर, आणि तेही ठरावीक जातीचे. सण कोणी करायचा, मिरवणुकीत लाल-पांढरी ओपा-मुस (कॉन्फ्रारियाचा झगा) कोणी घालायची, यावरून पिढ्यान्‌पिढ्या वैरं चालली. लोकांच्या हाती सत्ता आली म्हणजे ती सगळ्या लोकांच्या हाती येते असं नाही. वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी आणि इतर जुन्या समाजांच्या जोडीला आता गोवा, मंगळूर, केरळहून आलेली, इमारतींत राहणारी कुटुंबं आहेत. निव्वळ बहुमतावर कौन्सिल चालवलं तर ज्या आळीची घरं जास्त तिचंच चर्च होईल. अशा ठिकाणी सर्वांचा पाळक असलेल्या एकाच्या हाती शेवटचा शब्द असणं हे दुबळ्यांचं संरक्षणही असू शकतं. मात्र हे संरक्षण त्याच्या मर्जीवर सोडता येत नाही. बारा घरांच्या बाजूने त्याने दोनशे घरांना नकार दिला असेल तर का दिला, हे त्या दोनशेंना कळलं पाहिजे. नाहीतर तो न्याय कोणता आणि लहर कोणती, हे ओळखायचं कसं?

कारण देण्याची ही अपेक्षा मी बाहेरून आणलेली नाही. कलम 127 सांगतं की कायद्याने जिथे सल्ला घेणं बंधनकारक केलं आहे तिथे तो न घेता केलेली कृती अवैध ठरते. वरिष्ठाला सल्ला मान्य करण्याची सक्ती नाही, पण त्याच्या मते वरचढ ठरेल असं कारण नसताना, विशेषतः सल्ला एकमुखी असेल तर, त्याविरुद्ध वागू नये. हे कलम धर्मग्रामाच्या कौन्सिलसाठी लिहिलेलं नाही, हे मान्य. पण त्यातलं तत्त्व लहान पातळीला लागू का होऊ नये, याचं उत्तर मला सापडत नाही. ‘सूचनेची नोंद घेतली’ याऐवजी इतिवृत्तात तीन ओळी याव्यात: सूचना काय होती, फादरांनी काय ठरवलं, आणि सूचनेपासून दूर गेले असतील तर कशामुळे. गुप्ततेचा मुद्दा निघेल, आणि काही बाबतींत तो रास्तही आहे. एखाद्या घरातलं भांडण, एखाद्या शिक्षकाविरुद्धची तक्रार, कोणाला गुपचूप दिलेली मदत या गोष्टी वहीत यायच्या नाहीत. पण बँडवाल्याचं बिल हे कबुलीजबाबाचं गुपित नव्हे. फादरांचा वेळ जाईल, हाही आक्षेप ऐकू येतो. तीन ओळी लिहायला जातो त्याहून कितीतरी जास्त वेळ गावातल्या अफवा निस्तरण्यात जातो, हे कोणत्याही प्रमुख धर्मगुरूला विचारून पाहावं.

इथवर वाचून प्रापंचिकांनी समाधानाने मान हलवली असेल तर तीही थांबवावी लागेल. धर्मगुरूंची काही वर्षांनी बदली होते, कमिटीच्या अध्यक्षांची होत नाही. वाचकांची यादी, गायकवृंदाची पेटी, ख्रिस्तप्रसाद वाटणाऱ्यांचं वेळापत्रक एकेका कुटुंबाच्या ताब्यात वर्षानुवर्षं राहतं आणि सेवेचं पद होतं. पदाला मग मान लागतो, पहिल्या बाकावरची जागा लागते, सत्काराची शाल लागते. नव्या फादरांनी काही बदलायचं म्हटलं की हीच माणसं ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हणून आडवी येतात, आणि तेही कारण न देता. बायांची गोष्ट तर याहून जुनी आहे. धर्मशिक्षण, आजाऱ्यांच्या भेटी, वेदीची फुलं, स्वच्छता यांचा भार त्यांच्यावर, आणि कंत्राट-बांधकामाच्या टेबलाभोवती मात्र बहुतेक पुरुषच. वाचक आणि वेदीसेवक ही सेवापदं विधिपूर्वक स्त्रियांनाही देता येतील, हे पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी 2021मध्ये कलम 230 बदलून स्पष्ट केलं. फायनान्स कमिटीत स्त्रियांना घेण्यासाठी तर असा बदलही लागत नव्हता, तिथे कायद्याची अडचण कधीच नव्हती. एका गोष्टीत मात्र आपल्याकडे चांगली शिस्त दिसते. रविवारच्या मिस्सेनंतर दानाच्या थैल्या टेबलावर रिकाम्या होतात, नोटांच्या गड्ड्या वेगळ्या, नाणी वेगळी, दोघं-तिघं मिळून मोजतात आणि चिठ्ठीवर सह्या करतात. तिथे कोणी म्हणत नाही की दुसरी सही मागणं म्हणजे पहिल्यावर अविश्वास. पैसे आत येताना जी शिस्त आपण सहज पाळतो ती पैसे बाहेर जाताना आणि निर्णय घेताना पाळायची, एवढीच ही मागणी आहे.

ऑक्टोबर 2024मध्ये रोममध्ये संपलेल्या सिनडच्या (जागतिक धर्मपरिषदेच्या) अंतिम दस्तऐवजाने या बाबतीत बरंच पुढचं पाऊल टाकलं आहे. धर्मग्रामासह सर्व पातळ्यांवरची सहभागाची मंडळं सक्तीची व्हावीत, कारभार पारदर्शक असावा, वेळोवेळी त्याचं मूल्यमापन व्हावं, आणि कॅनन कायद्यातला ‘केवळ सल्ल्यापुरतं’ हा शब्दप्रयोगच पुन्हा तपासावा, असं त्यात म्हटलं आहे. पोप फ्रान्सिस यांनी वेगळं पत्र न काढता तो दस्तऐवज तसाच प्रसिद्ध केला. कायद्यात बदल होतील तेव्हा होतील. बिशपांनी ठरवून दिलेल्या नियमांप्रमाणे, भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांपुढे ठेवावा, असं सांगणारं कलम 1287 मात्र 27 नोव्हेंबर 1983पासून लागू आहे. तेव्हा यंदाच्या वार्षिक सभेला जाल तेव्हा दोन गोष्टी मागा: वर्षभराचा जमाखर्च आणि मागच्या बारा महिन्यांची इतिवृत्तं. आणि तुम्हीच एखाद्या कमिटीचे अध्यक्ष असाल, तर कोणी मागायच्या आधी स्वतःच्या कमिटीची वही टेबलावर ठेवा.