निर्णय वरचा, जाब वाहकाला

२४ नोव्हेंबर २०२१ रोजी सरकारने संपावर असलेल्या एसटी कर्मचाऱ्यांना पगारवाढ जाहीर केली. सेवेच्या वर्षांनुसार मूळ वेतनात अडीच ते पाच हजारांची भर. एरवी एवढ्यावर संप मिटला असता. हा मिटला नाही. उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ ची मुदत घालून देईपर्यंत तो चालला. पैसे मिळूनही माणसे कामावर का येत नव्हती, या प्रश्नाला आपण ‘आडमुठेपणा’ असे सोपे उत्तर देऊन मोकळे झालो.

त्यांची मागणी महामंडळाच्या राज्य शासनातील विलीनीकरणाची होती. १९४८ पासून गावोगाव धावणारी ही सेवा सरकारची म्हणून ओळखली जाते, पण कर्मचारी महामंडळाचा. करोनात गाड्या थांबल्या, उत्पन्न आटले, पगार लांबले. कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. त्या काळात विलीनीकरण याचा घरातला अर्थ एकच होता: ठरल्या तारखेला पगार जमा होईल आणि सोसायटीचा हप्ता चुकणार नाही. सरकारने रक्कम वाढवली. संपकऱ्यांना हवी होती शाश्वती.

अनिश्चितता शरीराला कशी पोखरते, याचा पुरावा लंडनमध्ये आहे. तिथल्या दहा हजारांहून अधिक सरकारी नोकरांचा ‘व्हाइटहॉल-२’ अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला. त्यातल्या एका खात्याचे खासगीकरण ठरले, तेव्हा त्या खात्यातल्या लोकांची प्रकृती इतर खात्यांतल्यांच्या तुलनेत ढासळलेली आढळली, आणि तीही प्रत्यक्ष बदल होण्याच्या आधीच. नुसत्या चाहुलीने माणूस आजारी पडतो.

इकडे विलीनीकरणाचा विचार करायला नेमलेल्या समितीने ते नाकारले. सुधारणा मात्र सुरू झाल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास, मार्च २०२३ मध्ये महिलांना निम्मे तिकीट. पुढे भाडेतत्त्वावरच्या विजेच्या गाड्या, त्यावर कंत्राटदाराचा चालक. या निर्णयांचा बोजा नेमका कुठे पडतो, ते रेडीहून शिरोड्यामार्गे वेंगुर्ल्याकडे निघालेल्या भरल्या गाडीत दिसते. वाहक तिकीट मशीन छातीशी धरून वाट काढत असतो.

‘‘आजी, आधार कार्ड दाखवा.’’

‘‘घराक रवला रे बाबा. माका वळखत नाय काय?’’

तो ओळखतो. रोजची प्रवासी आहे. पण मोफतचे तिकीट फाडले आणि पुढच्या थांब्यावर तपासणी पथक चढले, तर ओळख हा पुरावा होत नाही. केस वाहकावर लागते. पैसे मागितले, तर सगळी गाडी त्याच्यावर तुटून पडते. योजनेचे श्रेय मंत्रालयात आणि भांडण मागच्या सीटवर, अशी ही वाटणी आहे.

सुधारणाच नकोत, असे कोणी म्हणणार नाही. निम्म्या तिकिटामुळे गावची बाई दवाखान्याला, माहेराला मोकळेपणाने जाऊ लागली. एसटीचा संचित तोटा हजारो कोटींचा आहे, जुन्या गाड्या कधीतरी बदलायलाच हव्यात. मग बिनसते कुठे? ज्याने बदल राबवायचा, त्याला तो परिपत्रकातून कळतो. त्याला विचारलेले नसते, आणि चुकले तर जाब मात्र त्यालाच. काम भरपूर आणि अधिकार शून्य, ही जोडी ताणाची मुळी आहे. योगवर्ग आणि समुपदेशनाचे तास तिला हात लावत नाहीत.

फ्रान्सच्या न्यायालयाने हे कायद्याच्या भाषेत सांगितले. खासगीकरणानंतर बावीस हजार माणसे कमी करायला निघालेल्या ‘फ्रान्स टेलिकॉम’मध्ये आत्महत्यांची मालिका घडली, २०१९ मध्ये तिथल्या माजी प्रमुखाला शिक्षा झाली. दोष कर्मचाऱ्यांच्या मनोदौर्बल्यात नव्हे, कंपनीच्या धोरणात आहे, असे न्यायालयाने मानले.

आपल्याकडे त्यासाठी खटल्याची वाट बघायला नको. नवी सवलत आणण्यापूर्वी आगारातल्या वाहकांशी दोन तास बोलावे. ओळखीच्या ज्येष्ठाला कार्डाशिवाय तिकीट देण्याची थोडी मुभा त्यांना द्यावी. पगाराची तारीख लेखी बांधून द्यावी. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना तिजोरीतून जवळपास काहीच लागत नाही. तरी त्या होत नाहीत, कारण त्यासाठी वरच्यांना पैसा नव्हे, थोडा अधिकार सोडावा लागतो.