कचारगडची शिळा

अस्तित्वाच्या मूळ सत्याचा उलगडा धर्म अधिक चांगला करतो की विज्ञान, हा प्रश्न मराठीत बहुधा वेदान्त आणि आधुनिक भौतिकशास्त्र यांना समोरासमोर बसवून विचारला गेला आहे, आणि उपनिषदांतील ब्रह्म व विश्वारंभीचा महास्फोट यांची सांगड घालणाऱ्या किंवा ती मोडून काढणाऱ्या लेखनाची आपल्याकडे कमतरता नाही. मात्र हाच प्रश्न ग्रंथांबाहेर, दगडात आणि रक्तात उभा राहिलेला पाहायचा असेल, तर त्यासाठी महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्याच्या जंगलात जावे लागते. तेथे कचारगड नावाच्या डोंगरात प्रशस्त नैसर्गिक गुहा आहेत, माघ पौर्णिमेच्या सुमारास तेथे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा अनेक राज्यांतून लाखो गोंड भाविक येतात, आणि पायथ्याच्या धनेगावातून वर चढणाऱ्या त्या लोकांच्या दृष्टीने ही गुहा म्हणजे त्यांच्या धर्माचे, समाजाचे आणि नात्यांचे उगमस्थान असते.

गोंडांच्या धर्ममार्गाला ‘कोया पुनेम’ असे म्हणतात, आणि त्याची मूळ कथा आज कचारगडला ज्या रूपात सांगितली जाते ती थोडक्यात अशी आहे. कली कंकाली या मातेच्या ३३ मुलांना शंभूने गुहेत कोंडले आणि तोंडाशी प्रचंड शिळा लावली. मातेच्या आक्रोशाने व्याकूळ होऊन पारी कुपार लिंगो हा द्रष्टा पुरुष, रायताड जंगो ही त्या मुलांचा सांभाळ करणारी स्त्री आणि हिरासुका पाटालीर हा वादक पुढे आले. पाटालीरने आपल्या संगीताच्या बळावर शिळा हलवली, मुले बाहेर आली, पण तो स्वतः तिच्याखाली चिरडला गेला. मुक्त झालेल्या मुलांना लिंगोने शिष्य केले आणि त्यांची ‘सगा’ नावाच्या गटांत विभागणी केली. सगा म्हणजे विशिष्ट संख्येचे देव मानणारा कुळांचा समूह. चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे असे हे समूह असतात, आणि समान सगा असलेले लोक परस्परांचे भाऊबंद ठरत असल्यामुळे त्यांच्यात विवाह होत नाही. गोत्रांची एकूण संख्या परंपरेने ७५० मानली असून प्रत्येक गोत्राकडे एक प्राणी, एक पक्षी आणि एक वनस्पती यांच्या रक्षणाची जबाबदारी सोपवलेली आहे, त्यामुळे ७५० हा आकडा गोंड घरांच्या दारांवर आणि ध्वजांवर पवित्र चिन्हासारखा रंगवलेला दिसतो.

त्याच डोंगराकडे भूविज्ञान पाहते तेव्हा कथा सर्वस्वी वेगळी होते. सालेकसा आणि दरेकसा परिसरात आढळणाऱ्या खडकांत ‘रायोलाइट’ हा प्रमुख आहे; सिलिकेचे प्रमाण फार असलेला, म्हणून घट्ट आणि सावकाश वाहणारा लाव्हारस व त्याबरोबर उसळलेली राख थिजून हा खडक तयार होतो. त्याच्या आसपास पसरलेल्या, प्रचंड दाब व उष्णता यांमुळे पट्टेदार झालेल्या पुरातन खडकाला, म्हणजे पट्टिताश्माला, भूवैज्ञानिकांनी याच जिल्ह्यातील आमगावचे नाव दिले आहे. या खडकांचे वय दोनशे कोटी वर्षांहून अधिक आहे, आणि ते ठरवण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे: खडकातील झिरकॉन या खनिजाचे सूक्ष्म स्फटिक तयार होताना युरेनियमचे अणू सामावून घेतात पण शिसे जवळजवळ घेत नाहीत, युरेनियमचे मात्र ठरावीक गतीने शिशात रूपांतर होत राहते, त्याच्या मुख्य प्रकाराचा निम्मा भाग बदलायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात, म्हणून स्फटिकात आज किती युरेनियम उरले आणि किती शिसे साचले हे मोजले की स्फटिकाचे वय कळते. हे उत्तर कोणा आचार्यावर विश्वास ठेवून स्वीकारावे लागत नाही. ज्याला ते मान्य नसेल त्याला तोच खडक दुसऱ्या प्रयोगशाळेत नेऊन उत्तर तपासता येते, आणि तपासात चूक निघाली तर उत्तर बदलणे हा विज्ञानाचा पराभव समजला जात नाही.

या दोन कथा एकमेकींपासून वाटतात तितक्या दूर नाहीत, कारण दोहोंच्या आरंभी एकच माणूस उभा आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा ख्रिस्ती मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला. त्याने धर्मप्रसारासाठी शाळा काढली, रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर नागपूर परिसरातील खडक व जीवाश्म यांचा अभ्यास केला, मांगली येथील एका नामशेष उभयचराचा जीवाश्म विलायतेत अभ्यासला जाईल अशी तजवीज केली, आणि त्याच वर्षांत गोंडांचे लिंगोविषयीचे दीर्घ गीतही टिपून घेतले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना तो पुराच्या पाण्यात बुडून मरण पावला. त्याची टिपणे मध्य प्रांताचा मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल याने १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्या नोंदीत गोंडांना कोंडणारा महादेव आहे, लिंगो फुलातून जन्मलेला आहे आणि सुटकेचा क्रमही आजच्या कथनाहून निराळा आहे. एकाच घटनेची अशी भिन्न रूपे असणे हा मौखिक परंपरेचा स्वभाव आहे, आणि या कथेकडे ऐतिहासिक वृत्तान्त म्हणून पाहणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यायला हवा.

पुढे मध्य भारतातील कोळसा असलेल्या स्तरांना भूवैज्ञानिकांनी गोंडांच्या प्रदेशावरून ‘गोंडवन’ हे नाव दिले, आणि १८८५ मध्ये एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकाने तेच नाव एका लुप्त महाखंडाला लावले, कारण ग्लॉसोप्टेरिस या जिभेच्या आकाराची पाने असलेल्या वनस्पतीचे अवशेष भारत आणि आफ्रिका यांसारख्या दूरदूरच्या भूभागांत सारखेच सापडत होते. पृथ्वीवरील अर्ध्याअधिक भूमीचा पूर्वेतिहास आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गोंडांच्या नावाने शिकवला जातो, हा योगायोग मन हेलावून टाकणारा आहे. तरीही तो योगायोगच आहे, कारण महाखंडाला दिलेले नाव एकोणिसाव्या शतकातले आहे आणि गोंदियाच्या पायाखालचा खडक तर त्या महाखंडाहूनही कितीतरी जुना आहे.

येथे पहिला निर्णय स्पष्टपणे द्यायला हवा. ही गुहा कशी घडली, हा खडक कधीचा आहे, माणूस पृथ्वीवर कोणत्या क्रमाने आला, या प्रश्नांवर विज्ञानाचे उत्तर धर्माच्या उत्तरापेक्षा श्रेष्ठ आहे, आणि त्यात तडजोडीची गरज नाही. ‘दोघांचेही आपापल्या परीने खरे’ असे सौजन्याने म्हणणे येथे सत्याशी प्रतारणा ठरते. मात्र यावरून लिंगोची कथा खोटी ठरते असे म्हणणाऱ्याने ती कथा कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून सांगितली जाते, हे पाहिलेले नसते. धनेगावहून चढणाऱ्या भाविकाला शिळेचे वय विचारायचे नसते. आपण कोणाचे आहोत, कोण आपले भाऊ आहेत, कोणत्या झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही आणि आपल्यासाठी कोणी जीव दिला, हे त्याला पुन्हा एकदा ऐकायचे असते. पाटालीर शिळेखाली गेला, या वाक्यातील सत्य ऋणाचे आहे, आणि ऋण मोजण्याचे साधन कोणत्याही प्रयोगशाळेत नाही.

खरी अडचण धर्म स्वतःच विज्ञानाचा अंगरखा चढवतो तेव्हा निर्माण होते. कोया पुनेमच्या विधींत प्रदक्षिणा आणि फेरे उजवीकडून डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने घेतले जातात, आणि त्याचे समर्थन करताना अलीकडचे भाष्यकार सांगतात की पृथ्वी त्याच दिशेने फिरते, वेली त्याच दिशेने चढतात, म्हणून हा निसर्गाचा नियम आहे. पृथ्वी घड्याळाच्या उलट दिशेने फिरते हे उत्तर ध्रुवावरून पाहणाऱ्याला खरे आहे. दक्षिण ध्रुवावरून पाहणाऱ्याला तीच पृथ्वी घड्याळाच्या दिशेने फिरताना दिसेल. बहुसंख्य वेली एका दिशेने वळतात, पण उलट वळणाऱ्या जातीही आहेत. तसेच ‘सल्ला’ आणि ‘गांगरा’ या सृष्टीच्या मुळाशी मानलेल्या परस्परपूरक तत्त्वांचा अर्थ धन आणि ऋण विद्युतभार असा लावला जातो, परंतु विद्युतभाराचे धन व ऋण हे नामकरण निव्वळ सोयीचे असून ते उलट केले असते तरी भौतिकशास्त्राचे काहीच बिघडले नसते. ज्या दोन तत्त्वांत स्त्रीपुरुष, जन्ममरण, ऊन आणि सावली सामावतात, त्यांना अणूच्या दोन घटकांवर आणून ठेवल्याने त्यांची थोरवी वाढत नाही, उलट आटते. शिवाय श्रद्धेला एकदा प्रयोगाचा आधार दिला की प्रयोगाचा निष्कर्ष बदलल्यावर श्रद्धेलाही आधार उरत नाही.

हा मोह गोंड समाजापुरता मुळीच नाही; पुराणांत विमाने आणि अवयवारोपण शोधणाऱ्यांनी तो कितीतरी मोठ्या प्रमाणावर जोपासला आहे. गोंडांच्या बाबतीत त्यामागची वेदना मात्र समजून घेतली पाहिजे. ज्या समाजाच्या धर्माला जनगणनेच्या अर्जात अजून स्वतंत्र रकाना मिळालेला नाही आणि ज्याच्या श्रद्धांना पिढ्यानपिढ्या रानटी म्हटले गेले, त्याने प्रतिष्ठेसाठी आजच्या काळातील सर्वांत प्रतिष्ठित भाषेचा आश्रय घ्यावा, यात नवल नाही. त्यात हीही भर घालायला हवी की विज्ञानाच्या नावाने या समाजावर अन्यायही झाला आहे: हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने नाकाची लांबी व रुंदी मोजून त्यांच्या गुणोत्तरावरून जातीजमातींची उतरंड लावली, आणि काही काळ ते मोजमाप शास्त्र म्हणून मिरवले. मोजमाप अचूक असूनही त्यातून काढलेली योग्यता निराधार होती, कारण ‘किती’ याच्या उत्तरातून ‘किती मोलाचे’ याचे उत्तर निघत नाही.

विश्वच मुळात का आहे, या अंतिम प्रश्नाविषयी येथे फार लिहिण्याचे प्रयोजन नाही. विज्ञान सुमारे १३८० कोटी वर्षे मागे जाऊन विश्वाच्या अतिशय तप्त आणि घन अवस्थेपर्यंत पोहोचते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त उत्पत्तीचा विचार करता करता, वरून पाहणाऱ्यालाही ती ठाऊक असेल का, अशा शंकेवर थांबते. दोघांच्याही थांबण्यात जो प्रामाणिकपणा आहे, तो त्यांच्या अनेक अनुयायांत आढळत नाही.

अधिक निकडीचा प्रश्न रक्ताचा आहे. विदर्भाच्या पूर्व भागात, आदिवासी आणि इतरही समाजांत, सिकलसेल हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. रक्तातील हिमोग्लोबिन या प्राणवायू वाहणाऱ्या प्रथिनाच्या साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्या एका बदलाने तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना देतात. आईवडील दोघेही वाहक असतील, म्हणजे प्रत्येकाकडे बदललेले एकच जनुक असेल, तर प्रत्येक गर्भाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे जनुक टिकून का राहिले, याचेही उत्तर विज्ञानाने दिले आहे: वाहकाला हिवतापाच्या जीवघेण्या रूपापासून संरक्षण मिळते, म्हणून हिवतापाच्या जंगलात ते पिढ्यानपिढ्या निवडले गेले. ज्या घरात मूल वेदनेने तळमळते त्या घराला हे कारण कळणे फार मोलाचे आहे, कारण ते न कळल्यास दोष करणीवर, शेजारणीवर किंवा आईच्या पायगुणावर जातो. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला त्यामागे अशा खोट्या कारणांचे बळी होते. धर्माचे नाव घेऊन दिलेले असे स्पष्टीकरण येथे नुसते चुकीचे नसते, ते क्रूर असते.

सगाव्यवस्थेत प्राचीन आनुवंशशास्त्र दडले आहे, असे सांगणारेही आहेत. समान सगात विवाह टाळल्याने रक्तदोष टळतात, असा त्यांचा युक्तिवाद असतो. पण रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील १९१६ च्या ग्रंथात गोंडांतील ‘दूध लौटावा’ या प्रथेची नोंद आहे, तिच्यात मामाच्या व आत्याच्या मुलांचा परस्परांशी विवाह इष्ट मानला जातो; जनुकांच्या दृष्टीने ही भावंडे वडिलांकडील दूरच्या भाऊबंदांपेक्षा कितीतरी जवळची असतात. म्हणजे सगाचा नियम जनुकांसाठी नव्हता. तो कोणाशी सोयरीक जोडायची आणि कोणाला भाऊ म्हणून जन्मभर साथ द्यायची, हे ठरवण्यासाठी होता, आणि त्या कामात त्याने या समाजाला शतकानुशतके बांधून ठेवले आहे.

आज सिकलसेलची तपासणी गावोगाव होते; २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने हा आजार २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. या तपासणीनंतर सालेकसा किंवा देवरीच्या एखाद्या घरात असा प्रसंग सहज येऊ शकतो की मुलगा चार देवांचा आणि मुलगी सात देवांची असल्यामुळे सगाच्या नियमाने सोयरीक निर्दोष ठरते, आणि दोघांच्याही तपासणीच्या कार्डावर वाहक असल्याची नोंद असते. चार अपत्यांमागे सरासरी एक, हा हिशेब प्रयोगशाळा त्यांना अचूक सांगते, गर्भाची तपासणी करता येते हेही सांगते. लिंगोने दिलेली व्यवस्था त्यांना सांगते की आजारी जन्मलेले मूलही कुळाचेच असते आणि त्याच्यासाठी शिळेला खांदा देणे भाग असते. लग्न करायचे की नाही, हे मात्र त्या दोघांना ही दोन्ही सत्ये एकाच वेळी हातात धरून ठरवावे लागते.