हजेरी

बोर्डिंग आणि सेटलमेंट यांत फरक काय? हा प्रश्न मला बोर्डिंगात असताना पडला नाही. तेव्हाच पडायला हवा होता. तो पडला सूतगिरणीत, तिसऱ्या पाळीला, एका पोराच्या आडनावावरून. त्याचं शेवटी सांगतो. आधी बोर्डिंगाचं.

आमचं बोर्डिंग लहान. पत्र्याच्या दोन खोल्या, एक स्वैपाकघर, पुढं चिंचेचं झाड. पटावर चाळीस पोरं, प्रत्यक्षात तीसेक. बौद्ध, मांग, चांभार, ढोर, दोन कैकाडी आणि एक पारधी. पहाटे पाचला घंटा. घंटा म्हंजे टांगलेला रुळाचा तुकडा. मग हजेरी, मग झाडलोट, मग अभ्यास. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. पोरांचं मंत्रिमंडळ असायचं. मी नववीत भोजनमंत्री होतो.

त्या बोर्डिंगाला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. शाळेबाहेरचं पहिलं पुस्तक माझ्या हातात तिथं पडलं. चारचौघांत उभं राहून बोलायला तिथंच शिकलो. मांगाचं पोर आणि मी एका ताटात पहिल्यांदा तिथं जेवलो. सुट्टीत आईला हे सांगितलं तर ती नुसती गप्प झाली. गावानं आम्हाला बाहेर ठेवलं हे मला माहीत होतं. आम्ही पण कुणाला तरी बाहेर ठेवतो, हे आईच्या गप्प बसण्यातून कळलं. पण कळलं म्हंजे वळलं असं न्हाई.

त्या वर्षी पावसाळ्यात भाकऱ्या कमी पडायला लागल्या. मोजायचं काम माझं. संध्याकाळी थापून झाल्या की मोजायच्या, पंगतीला परत मोजायच्या. रोज दोन कमी, कधी तीन. पोरं माझ्याकडं बघायची. मंत्री मी होतो.

संशय कुणावर घ्यायचा हे कुणी कुणाला सांगावं लागलं नाही. पारध्याचं पोर पाचवीत होतं. त्या वर्षीच आलेलं. बोलायचं कमी. आमची मराठी त्याला नीट येत नव्हती, त्याची भाषा आम्हाला येत नव्हती. त्याच्या पेटीत भाकरीचे वाळलेले तुकडे सापडले. म्हणजे चोरी त्यानं केली होती. हे मी लपवत नाही. लपवलं तर पुढचं सगळं सोपं होईल, आणि ते सोपं नाही.

आम्ही रात्री सभा घेतली. बाबासाहेबांच्या फोटोखाली सतरंजी टाकून. एक जण म्हणाला, "त्यांचं काय, त्यांच्यात ह्यो धंदाच असतोय." कुणी हसलं, कुणी मान हलवली. शिक्षा मी सुचवली. आठ दिवस पंगत उठल्यावर त्यानं एकट्यानं जेवायचं आणि आपलं ताट वेगळ्या दगडावर घासायचं. सगळ्यांनी हात वर केले. त्याला काही विचारलं का? नाही. तुकडे वाळवून का ठेवतोस, कुणासाठी, हे कुणी विचारलं नाही. आजही मला ते माहीत नाही.

त्याच वर्षी १४ एप्रिलला मी चवदार तळ्यावर भाषण केलं होतं. २० मार्च १९२७, महाड, ओंजळीतलं पाणी, सगळं पाठ. टाळ्या पडल्या होत्या. आणि चार महिन्यांनी मी एका पोराला वेगळा दगड नेमून दिला. आम्ही त्याला बहिष्कार म्हणत नव्हतो. आम्ही त्याला शिस्त म्हणत होतो. गावसुद्धा कधी बहिष्कार म्हणत नाही. गाव रीत म्हणतं.

आता कुणी म्हणेल, लहान पोरं होती, एवढं काय मनावर घ्यायचं. दुसरा म्हणेल, चोरी केली तर शिक्षा नको का? मोजून भाकऱ्या असतील तिथं एकानं जास्त घेतली म्हणजे दुसऱ्याच्या तोंडची गेली. हे म्हणणं खोटं नाही. एकत्र राहायचं तर नियम लागतो. म्हणून मी मलाच एक गोष्ट विचारतो. त्याच्या आधी दोन महिन्यांनी काय झालं होतं?

मी आणि दोघा दोस्तांनी कोठीतला गूळ चोरला होता. चांगला पाटी फोडून, चिंचेखाली बसून खाल्ला. सापडलो. शिक्षा झाली, दोन दिवस सगळ्यांची ताटं घासायची. घासली. पोरं चिडवत होती, आम्ही हसत होतो. पंगतीतून आम्हाला कुणी उठवलं नाही. आमच्या जातीचं नाव कुणी काढलं नाही. "पोरं हायत, चालायचंच," असं अधीक्षक म्हणाले.

चोरी तीच, कोठी तीच. आम्हाला शिक्षा मिळाली ती केलेल्या कामाची. त्याला मिळाली ती जन्माची. आमची चोरी गुळाबरोबर संपली. त्याची चोरी त्याच्या आधीपासून होती आणि त्याच्या नंतरही राहणार होती, असं आम्ही धरून चाललो. ज्या तर्कानं आमच्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, तो हाच तर्क.

आणखी एक. भाकऱ्या कमी पडायचं खरं कारण आम्हा मोठ्या पोरांना माहीत होतं. अनुदान चाळिसांचं यायचं, पीठ तिसांना पुरणार नाही एवढं यायचं. हा हिशेब मांडायला भोजनमंत्र्याला काही कठीण नव्हतं. पण अधीक्षकांवर आम्ही कधी सभा घेतली नाही. वरच्याला विचारायची छाती नव्हती. खालचा सापडला. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती मला पुस्तकातून उशिरा समजली, पण त्या सतरंजीवर मी ती चालवून दाखवली होती. प्रत्येकाला आपल्या खाली कुणीतरी लागतं, आणि त्या एका लोभापायी माणूस वर बघायचं सोडून देतो.

आता बोर्डिंगांचा इतिहास बघा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी जातवार बोर्डिंगं काढली. मराठ्यांचं १९०१ साली, अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ साली. जातवार का, असं आज विचारणं सोपं आहे. तेव्हा दुसऱ्याच्या स्वैपाकघरानं आपलं पोर दारातच उभं केलं असतं. त्या मिस क्लार्क बोर्डिंगाच्या समारंभाला जैन बोर्डिंगातला एक विद्यार्थी गेला. परत आल्यावर विटाळ फेडायला आंघोळ करायचं त्यानं नाकारलं, म्हणून त्याला बोर्डिंगातून काढलं. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांचं एकच बोर्डिंग सुरू केलं. पोरांच्या जेवणापायी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं विकलं, मंगळसूत्रसुद्धा. एका पोराला पंगतीतून काढलं, आणि त्या पोरानं सगळ्यांची एक पंगत मांडली. मीही एका पोराला काढलं. त्यानं पुढं काय मांडलं असेल?

सोलापूरचं बघा. बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ साली तिथं आपल्या पोरांसाठी वसतिगृह उघडलं. त्याच शहरात, त्याच काळात, तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं त्या कैकाडी, पारधी अशा जमाती त्या कुंपणात. हजेरी द्यायची, पासाशिवाय बाहेर पडायचं नाही, आणि गिरणीत राबायचं. तो कायदा १९५२ साली देशभरातून गेला. तार निघाली.

आता फरक सांगा. घंटा दोन्हीकडं, हजेरी दोन्हीकडं, आवार दोन्हीकडं. मला दिसतो तो फरक एवढाच. सेटलमेंटमध्ये माणूस कोण आहे हे तो आत यायच्या आधीच ठरलेलं असतं. बोर्डिंगात ते ठरायचं असतं. पोर पाचवीत येतं आणि दहावीत जातं, तोवर ते काय होईल हे कुणाला माहीत नसतं, त्यालाही नाही. हे माहीत नसणं ज्या दिवशी संपलं, त्या दिवशी त्या खोल्यांत बोर्डिंग उरलं नाही. आम्ही तीस पोरांनी एका रात्रीत सेटलमेंट उभी केली. तारसुद्धा लागली नाही.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. चांगला आहे. पण पाचवीतलं पोर कुठल्या चौकीत जाईल, आणि जाऊन काय सांगेल? मला जेवायला उशिरा बसवतात?

पाचव्या दिवशी ते पोर निघून गेलं. पेटी तशीच ठेवून. अधीक्षकांनी चार दिवस वाट बघितली, मग विषय सोडला. पण अनुदान पटावर असतं. म्हणून वर्षभर रोज सकाळी त्याच्या नावापुढं हजर लागत राहिलं. तपासणीला साहेब आले तेव्हा त्याच्या नावाला "हजर" म्हणून ओरडलो तो मीच. मला तसं सांगितलं होतं आणि मी ओरडलो. दहावी अर्ध्यात सोडून गिरणीत आलो तेव्हा माझंही नाव तसंच पटावर राहिलं असेल.

परवा वाइंडिंग खात्यातून चार कोन गेले. नवा हेल्पर आलाय, वीसएक वर्षांचा. जॉबर हसत म्हणाला, "आडनाव बघा की राव." मी तिथल्या तिथं बोललो असतो तर इथं लिहायला बरं वाटलं असतं. अर्धी पाळी मी गप्प होतो. मग जेवणाच्या सुट्टीत जॉबरला म्हणालो, कोन मोजायचे तर सगळ्यांच्या पिशव्या बघा, माझी पहिली. कुणाचीच बघितली नाही. तो हेल्पर दोन दिवस माझ्याशीही बोलला नाही. का बोलावं त्यानं?

दोस्तांनो, आपल्यातले कितीक जण बोर्डिंगांत मास्तर आहेत, अधीक्षक आहेत, काहींची स्वतःची बोर्डिंगं आहेत. त्यांना माझं एवढंच मागणं आहे. शिक्षा द्या, काम द्या, ताटं घासायला लावा, पण पंगतीला हात लावू नका. शिक्षेआधी पोराला बोलू द्या, त्याच्या भाषेत, वेळ लागला तरी. आणि हजेरी घेताना मान वर करून बघा, नावापुढं पोर आहे का.