शेगडीत जळालेला इशारा



आज आगमनकाळाचा पहिला रविवार. वर्ष कोणतेही असो, या रविवारच्या शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्याला जागे राहायला सांगतो. हे शब्द आता इतके सवयीचे झाले आहेत की इशारा म्हणून ते ऐकूच येत नाहीत. म्हणून आज जुन्या करारातील एक प्रसंग पाहू या. तो यिर्मया संदेष्ट्याच्या ३६व्या अध्यायात आहे.

इ.स.पूर्व ६०४ सालची गोष्ट. यहुद्यांचा नववा महिना, म्हणजे साधारण आपला डिसेंबर. यरुशलेमेत उपवास जाहीर झाला होता. यिर्मयाला मंदिरात जाता येत नव्हते, म्हणून त्याने सांगितलेली देवाची वचने बारूखने एका गुंडाळीवर लिहून घेतली होती. उपवासाच्या दिवशी ती त्याने मंदिरात लोकांपुढे वाचली. देवाने ती का लिहायला लावली? लोक ऐकतील, वाईट मार्ग सोडतील आणि मग आपल्याला त्यांना क्षमा करता येईल, या आशेने. नुसती शिक्षाच करायची असती तर आधी कळवायचे कशाला?

गुंडाळी राजवाड्यात पोहोचली. राजा यहोयाकीम हिवाळी महालात बसला होता, समोर शेगडी पेटलेली. यहूदी नावाचा माणूस वाचू लागला. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापी आणि शेगडीत टाकी. (बोरूला टोक काढायचा चाकू तो! लिहिण्याच्या कामाचे हत्यार लिहिलेले नष्ट करायला वापरले.) तीन दरबाऱ्यांनी 'जाळू नका' म्हणून विनवले. त्याने ऐकले नाही. सगळी गुंडाळी जळाली.

राजाने ऐकायला नकार दिला नव्हता, हे लक्षात घ्या. तो शेवटपर्यंत ऐकत होता आणि थोडे थोडे कापत होता. आपण तरी वेगळे काय करतो? मिस्साबलीत वाचन ऐकतो. भावाशी समेट कर, हे शब्द आले की मनात म्हणतो, आधी जमिनीची मोजणी होऊ दे. दारूचा विषय निघाला की म्हणतो, आपण काही रोज घेत नाही. मजुराच्या मजुरीची गोष्ट आली की ती दुसऱ्या कोणासाठी तरी आहे असे धरून चालतो. देवाला 'नाही' असे आपण कधीच म्हणत नाही. आपल्याला लागू पडणारा रकाना तेवढा कापतो, आणि शेगडीची ऊब असल्यामुळे काही बिघडल्यासारखे वाटतही नाही.

या राजाचा बाप योशीया. त्याच्या काळी मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. तो वाचला जाताच योशीयाने आपली वस्त्रे फाडली. हिब्रू भाषेत बापाच्या वस्त्रे फाडण्याला आणि मुलाच्या गुंडाळी कापण्याला एकच क्रियापद आहे. घर तेच, देवही तोच. भाविक बापाचा मुलगा असणे यहोयाकीमच्या उपयोगी पडले नाही. आजी-आजोबांच्या श्रद्धेचा अभिमान सांगणाऱ्या आपल्या घरांनी हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक सांगायला हवे. शेजारी संकट आले की 'देवाने त्यांना इशारा दिला' असे काही जण म्हणतात. हे बोलणे मला मुळीच पटत नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांपेक्षा जास्त पापी नव्हते, असे प्रभू येशूने स्पष्ट सांगितले. ऐकणाऱ्यांनी स्वतः पश्चात्ताप करावा, असे त्याचे म्हणणे होते (लूक १३). देवाचा इशारा ज्याच्या कानी पडतो, त्याच्यासाठी असतो.

इ.स.पूर्व ५९७ मध्ये यरुशलेम बाबेलच्या राजाच्या हाती पडले. पुढे मंदिरही जळाले. गुंडाळीचे मात्र वेगळे झाले. देवाने यिर्मयाला दुसरी घ्यायला सांगितले. बारूखने पहिलीतले सारे शब्द पुन्हा लिहिले, आणि त्यांत आणखी पुष्कळ शब्दांची भर पडली.

या आठवड्यात एका संध्याकाळी जपमाळेनंतर हा अध्याय घरी मोठ्याने वाचा. फार तर दहा मिनिटे लागतील. मुलांनाही एकेक भाग वाचायला द्या. पापनिवेदनाला येण्यापूर्वी, आपण कोणता रकाना कापला आहे, हे प्रत्येकाने प्रभूला शांतपणे विचारावे.