शेजारी बसणारं कुणीतरी

१९३५ साली इंग्लंडमध्ये चॅड वारा या तरुण धर्मगुरूंना एका किशोरवयीन मुलीचा अंत्यविधी करावा लागला. पाळी सुरू झाली आणि तिला वाटलं, आपल्याला भयंकर रोग जडलाय. विचारणार कुणाला? तिनं जीव दिला. ती मुलगी त्यांच्या मनातून कधी गेली नाही.

१९५३ मध्ये लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये त्यांनी जगणं नकोसं झालेल्यांसाठी टेलिफोन सुरू केला. माणसं दारातही येऊ लागली. ताटकळणाऱ्यांना मदतनीस चहा देत, शेजारी बसत, ऐकत. पुष्कळजण तेवढ्यानंच हलके होऊन घरी परतत. धर्मगुरूंना भेटायची गरजच उरत नसे! त्यातून ‘समॅरिटन्स’ संस्था उभी राहिली. तिथं उपदेश करायचा नाही, हा दंडक मला फार मोलाचा वाटतो. खचलेल्याला ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ म्हणणं म्हणजे जखमेवर मीठच.

आपल्याकडेही वसईत, अहिल्यानगरात उपासनेनंतर लोक चर्चच्या अंगणात रेंगाळतात. त्यात कुणीतरी गप्प असतं. त्याच्याजवळ थांबा, गरज पडली तर डॉक्टरांकडे सोबत जा. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं. चर्चच्या फलकावर, प्रार्थनेच्या वेळांखाली, तो आजच लिहिता येईल.